‘कुणातरी चांगल्याकडे पाठवा’ असं म्हणू नका: इंदुरात सीबीटीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी कशी घ्यावी

नात्यातल्या, शेजारच्या, मंडळातल्या लोकांच्या मिळून आठ-दहा चिठ्ठ्या मी आतापर्यंत पाहिल्या असतील. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर डॉक्टरांनी खाली एकच शब्द खरडलेला होता: ‘काउन्सेलिंग’. कशासाठी, कुणाकडून, आधी कोणत्या तपासण्या झाल्या, काही नाही. अशी चिठ्ठी घेऊन एक भाचा दहावीनंतर कुठली शाखा घ्यावी हे सांगणाऱ्या बाईंकडे पोहोचला. एक काकू कुठेच गेल्या नाहीत. चिठ्ठी देव्हाऱ्याच्या खणात राहिली आणि मेडिकलवरून झोपेची गोळी वर्षभर येत राहिली.

माझ्या मते यात डॉक्टरांचा दोष कमी आहे. संध्याकाळच्या गर्दीत त्यांच्यापुढे बसून आपण म्हणतो, ‘फार टेन्शन आहे हो, कुणातरी चांगल्याकडे पाठवा.’ त्यावर ते दुसरं काय लिहिणार?

सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि वागण्याच्या सवयींवर बोलून आणि सरावातून काम करणारा उपचार. तिच्याबद्दल एक गोष्ट आधी सांगते. आपल्याकडे खासगी सीबीटी तज्ज्ञाकडे जायला डॉक्टरांची चिठ्ठी कायद्याने लागत नाही, थेट फोन करता येतो. तरीही चिठ्ठी घ्या असं मी म्हणते, कारण त्या निमित्ताने शरीराची तपासणी होते, चालू औषधांची माहिती पुढे जाते आणि पुढच्या माणसाला गोष्ट पहिल्या पानापासून सांगावी लागत नाही. ईएसआय (कामगारांचा राज्य विमा), रेल्वे किंवा सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) यांच्या सोयीतून खर्च भागवायचा असेल, तर मात्र आधी रेफरल आणि मग भेट हाच क्रम ठेवावा लागतो. आधी जाऊन आलात आणि नंतर कागद मागितलात, तर खिडकीवरून परत याल.

सुरुवात करण्याआधी: तुम्ही चिठ्ठीच्या रांगेत थांबू शकता का?

सीबीटी हे दर आठवड्याला भेटून, घरी अभ्यास करून चालणारं काम आहे, तातडीचा उपचार नव्हे. खालीलपैकी काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि माणसाला आजच मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयाच्या इमर्जन्सीत न्या:

- जीव देण्याचे विचार, त्याची तयारी किंवा स्वतःला इजा करणं
- इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येणं, कुणी मागावर आहे अशी पक्की खात्री
- कित्येक रात्री झोप नाही, तरी थकवा नाही, बोलणं आणि खर्च आवरत नाही
- रोजची दारू अचानक सोडल्यावर थरथर, फिट किंवा भ्रम
- पहिल्यांदाच छातीत दुखणं, हात किंवा जबड्याकडे कळ, घाम. हे ‘टेन्शनचं असेल’ असं घरच्यांनी ठरवू नये. आधी ईसीजी.

अ‍ॅम्ब्युलन्ससाठी १०८, तातडीच्या मदतीसाठी ११२. बोलायला कुणी हवं असेल तर सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ वर चोवीस तास असते, आणि तिथे मराठीचा पर्याय आहे.

टप्पा १: कुणाला काय म्हणतात ते नीट समजून घ्या

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. आपल्याकडे तिघांनाही ‘मनाचे डॉक्टर’ म्हणायची पद्धत आहे.

मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, एमबीबीएस होऊन पुढे त्या विषयात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले असतात. निदान करतात आणि औषध लिहितात. काही जण थेरपीही करतात, पण भरलेल्या ओपीडीत तेवढा वेळ क्वचितच मिळतो.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध लिहीत नाहीत. चाचण्या आणि थेरपी हे त्यांचं काम. भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, त्यांची नोंदणी असावी लागते. बहुतेकांनी क्लिनिकल सायकॉलॉजीत दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. केलेलं असतं. काहींकडे परिषदेला मान्य असलेली दुसरी पदवी असते.

तिसरे काउन्सेलर, म्हणजे समुपदेशक. ही पाटी लावायला आरसीआयची नोंदणी लागत नाही. यात एम.ए. करून वर्षानुवर्षं देखरेखीखाली सीबीटी शिकलेली उत्तम माणसं आहेत, आणि दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलीही आहेत. पाटीवरून फरक कळत नाही, विचारूनच कळतो. काय विचारायचं ते टप्पा ६ मध्ये आहे.

> तपासा: ‘मला सीबीटी हवी आहे’ म्हणताना तुमच्या डोक्यात नेमकं काय आहे? नुसतं मन मोकळं करायचं असेल तर ते वेगळं. सीबीटीत विचार, भावना, शरीर आणि वागणं यांची साखळी कागदावर मांडतात, एकेक कडी तपासतात आणि टाळलेल्या गोष्टी हळूहळू पुन्हा करायला लावतात. घरी करायचा अभ्यास असतोच.

टप्पा २: एक पान तयार करा

सगळा लेख विसरलात तरी चालेल, हे पान विसरू नका. डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे साध्या वहीत नोंद ठेवा आणि तिचं एक पान करा. दोन पानं झाली की कुणी वाचत नाही.

पानावर असावं: कधीपासून होतंय. आठवड्यातून किती वेळा, किती वेळ टिकतं. त्याच्या आधी काय चाललेलं असतं. त्या वेळी शरीरात काय होतं आणि डोक्यात कोणतं वाक्य येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: त्यामुळे तुम्ही काय करणं सोडलंत. ‘बेचैन वाटतं’ हे डॉक्टर दिवसातून पन्नास वेळा ऐकतात. ‘सिटी बस सोडली, सराफ्यात जाणं सोडलं, आणि नवरा सोबत असल्याशिवाय राजवाड्यापर्यंतही जात नाही’ हे ऐकल्यावर त्यांची मान वर होते.

खालच्या भागात औषधं. इथे लोक लपवालपवी करतात. होमिओपॅथीच्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे, शेजारणीने दिलेली झोपेची अर्धी गोळी, वजन कमी करायची पावडर, सगळं लिहा. चहा किती कप, तंबाखू, दारू तेही लिहा. आधीची आजारपणं, बाळंतपण, थायरॉइड, घरात कुणाला असा त्रास होता का, हे दोन ओळींत.

आता भाषेबद्दल, कारण आपल्या गावात ही अडचण खरी आहे. घरात मराठी, दवाखान्यात हिंदी. ‘घबराहट हो रही है’ म्हणताना तुमच्या मनात छातीतली धडधड असते. ऐकणारा त्यातून मळमळ समजू शकतो, कारण हिंदीत ‘जी घबराना’चा तोही अर्थ होतो. मग हातात अ‍ॅसिडिटीची गोळी पडते. उलट आपलं ‘कसंतरी होतं’ हिंदीत आणताच येत नाही. म्हणून पान आधी मराठीत लिहा, जसं मनात येतं तसं. मग हिंदीत उतरवताना भावनेची नावं टाळून शरीराची आणि कृतीची नावं लिहा: दिल तेज़ धड़कता है, हाथ काँपते हैं, साँस पूरी नहीं आती, दस मिनिट में उतर जाता है. ‘टेन्शन’ हा शब्द दोन्ही भाषांत खोडून टाका. त्याने सगळंच सांगितलं जातं, म्हणून काहीच सांगितलं जात नाही.

जमल्यास दोन प्रश्नावल्या भरून न्या: उदासीसाठी पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी जीएडी-७. दोन्ही मराठीत आणि हिंदीत मिळतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण द्यायचे. पहिलीची बेरीज २७ पर्यंत जाते, दुसरीची २१ पर्यंत. कुठल्याही एकीत १० किंवा जास्त आले तर नीट तपासणी करायला हवी असं साधारण मानतात. हे निदान नव्हे, ताप मोजण्यासारखं आहे.

> थांबा: पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे ० सोडून काहीही आलं तर बेरीज करत बसू नका. ते उत्तर डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा, आणि आजची भेट उद्यावर ढकलू नका.

टप्पा ३: कोणत्या डॉक्टरांकडे, कधी, कुणाबरोबर

तुमचे जुने रिपोर्ट ज्यांनी पाहिलेत ते फॅमिली डॉक्टर पहिले. ते होमिओपॅथ किंवा आयुर्वेदवाले असले, जे आपल्याकडे बऱ्याच घरांत असतं, तरी थेरपीसाठी ओळखीची चिठ्ठी ते देऊ शकतात. पण मनाच्या आजाराचं अ‍ॅलोपॅथिक औषध आधीच चालू असेल, किंवा पूर्वी असा आजार होऊन गेला असेल, तर मधली पायरी वगळून मनोविकारतज्ज्ञांकडेच जा आणि चिठ्ठी त्यांच्याकडून घ्या.

ईएसआय कार्ड असेल तर सुरुवात आपल्या डिस्पेन्सरीतून करा, नंदानगरच्या रुग्णालयात पुढचं रेफरल तिथून होतं.

वेळ नीट निवडा. सोमवारी संध्याकाळी सात वाजता, बाहेर वीस माणसं खोकत असताना, हे बोलणं होत नाही. कंपाउंडरला आदल्या दिवशी सांगा, ‘भैया, मेरा नंबर आख़िरी में रखना, थोड़ी बात करनी है.’ एवढ्याने पंधरा मिनिटं मिळतात. मला तरी मिळाली.

सोबत माणूस न्या, पण पहिली पाच मिनिटं एकट्याने आत जा. सासूबाई किंवा नवरा शेजारी बसले की डॉक्टर त्यांना विचारतात आणि तेच उत्तर देतात: ‘खाती-पीती है, बस सोचती बहुत है.’ मग तिथेच संपलं.

टप्पा ४: आत गेल्यावर बोलण्याचा क्रम

आधी शरीर, मग सुटलेली कामं, शेवटी मागणी. उलटा क्रम करू नका. व्हिडिओ पाहून ‘मुझे ओसीडी है’ (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार) अशी सुरुवात केलीत तर डॉक्टर तुमच्या निदानाशी भांडत बसतील आणि त्रास बाजूला राहील. साधं असं म्हणा:

‘डॉक्टर साहब, तीन महीने से अचानक दिल ज़ोर से धड़कता है. अकेले बाहर जाना छूट गया है. पहले शरीर की जाँच कर लीजिए. वो ठीक निकले, तो सीबीटी के लिए क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट के नाम चिट्ठी दे दीजिए.’

आणि पान पुढे करा.

शरीराची जाँच हा उपचार टाळण्याचा बहाणा नाही. थायरॉइड वाढलं की धडधड, थरथर आणि बेचैनी येते, कमी झालं की सुस्ती आणि उदासी. रक्त कमी असेल तर दम लागतो. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नेहमीचंच. म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ आणि गरज वाटल्यास ईसीजी, एवढं डॉक्टर साधारण सांगतील. एकदा करून घ्या. रिपोर्ट चांगले आले म्हणून दुसरीकडे पुन्हा त्याच तपासण्या करत फिरणं ही वेगळीच चूक आहे, आणि आजाराची काळजी वाटणाऱ्यांच्या बाबतीत तर तोच आजाराचा भाग असतो.

डॉक्टरांनी गोळी लिहिली तर तोंड पाडू नका, प्रश्न विचारा: ही कशाची आहे, किती दिवस घ्यायची, बंद कशी करायची? अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम या गोळ्यांनी लगेच बरं वाटतं, पण आठवडेच्या आठवडे रोज घेतल्या तर सवय लागते. उदासी-चिंतेच्या इतर गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे जातात, म्हणून लोक आठव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडतात. गोळी आणि सीबीटी एकत्र चालू शकतात.

> थांबा: थेरपी सुरू झाली म्हणून औषध स्वतःहून बंद करायचं नाही. अल्प्राझोलामसारखी गोळी बरेच दिवस घेऊन एकदम थांबवली तर फिटसुद्धा येऊ शकते. कमी करायची तर ज्यांनी लिहिली त्यांच्या सांगण्याने, हळूहळू.

आणि ‘अरे, ज्यादा सोचो मत, सुबह घूमने जाओ’ असं उत्तर आलं तर? वाद घालू नका. ‘घूमना तो शुरू करता हूँ, साथ में चिट्ठी भी दे दीजिए’ म्हणा. त्यानेही काम झालं नाही तर दुसरे डॉक्टर. पान तेच, पुन्हा लिहायची गरज नाही.

टप्पा ५: चिठ्ठी खोलीतच वाचा

डॉक्टर इंग्रजीतच लिहितील, त्याला हरकत नाही. मजकूर साधारण असा हवा:

‘वय ३४, स्त्री. तीन महिन्यांपासून अचानक भीतीचे झटके, आठवड्यातून तीन-चार वेळा. एकटीने बाहेर जाणं टाळते. टीएसएच, हिमोग्लोबिन, ईसीजी सामान्य. सध्या अमुक औषध, अमुक मात्रा, अमुक तारखेपासून. आत्महत्येचे विचार नाहीत. सीबीटीसाठी मूल्यमापन आणि उपचार व्हावेत, कृपया अहवाल कळवावा.’

तारीख, सही, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना, पाहा.

त्रासाचं नाव सुटलं असेल तर आवर्जून लिहून घ्या, कारण सीबीटी सगळ्यांना सारखी करत नाहीत. हात धुणं, पुन्हा पुन्हा तपासणं असा त्रास असेल तर त्यात ईआरपी नावाची पद्धत वापरतात. धुवावंसं वाटणाऱ्या परिस्थितीत जायचं आणि धुवायचं नाही, पायरी-पायरीने. मुख्य तक्रार झोपेची असेल तर निद्रानाशासाठीची सीबीटी वेगळी आहे, तिच्यात झोपेची डायरी आणि अंथरुणातला वेळ आखून घेणं असतं. चिठ्ठीवर नुसतं ‘स्ट्रेस’ असेल तर पुढचे दोन सेशन हे शोधण्यातच जातील.

> तपासा: बाहेर पडण्याआधी चिठ्ठीचा फोटो काढा आणि मूळ कागद रिपोर्टांच्या फाइलीत लावा. खण नको.

टप्पा ६: माणूस निवडणं

डॉक्टर एखादं नाव सांगतील. ते नाव घ्या, पण फोन करून पाच गोष्टी विचारा. आरसीआयचा नोंदणी क्रमांक काय? (परिषदेच्या वेबसाइटवर नोंद शोधता येते. मुदत संपलेली नाही ना, तेही पाहा.) सीबीटी कुठे शिकलात, कुणाच्या देखरेखीखाली? माझ्यासारख्या त्रासाचे किती रुग्ण पाहता? एक सेशन किती मिनिटांचं आणि किती रुपयांचं, आणि रद्द केलं तर पैसे पडतात का? घरचा अभ्यास असतो का? शेवटच्या प्रश्नाला ‘नाही, नुसतं बोलायचं’ असं उत्तर आलं तर ते दुसरं काहीतरी चांगलं असेल, सीबीटी नसेल. नोंदणीबद्दल विचारल्यावर कुणी चिडलं तर मी तिथेच फोन ठेवते.

सहावा प्रश्न भाषेचा. इंदुरात मराठी बोलणारे थेरपिस्ट मिळाले तर उत्तम, पण त्यासाठी चार महिने थांबू नका. सेशन हिंदीत चालू दे, विचारांची नोंद मात्र मराठीत ठेवा. ‘मेलं, माझ्याच्याने काही व्हायचं नाही’ हे वाक्य जसं डोक्यात येतं तसंच कागदावर यायला हवं. ‘मैं असक्षम हूँ’ असं भाषांतर केलं की त्यातली धग जाते आणि तपासायला काही उरत नाही. थेरपिस्टला वाचून दाखवताना अर्थ सांगा, त्यात दोन मिनिटं जातात. पुण्या-मुंबईच्या मराठी तज्ज्ञांकडून ऑनलाइन सेशनही घेता येतात. भरल्या घरात असाल तर जागा आधी ठरवा. माझ्या ओळखीच्या एकीने सगळी थेरपी उभ्या गाडीत बसून केली.

खासगी फी परवडत नसेल तर एमजीएम मेडिकल कॉलेजशी जोडलेलं बाणगंगेचं मानसिक चिकित्सालय आहे, आणि मध्य प्रदेशातल्या जिल्हा रुग्णालयांत ‘मनकक्ष’, म्हणजे मानसिक आरोग्याचा विभाग, असतो. सकाळी लवकर जाऊन पर्चा काढा (महाराष्ट्रातले पाहुणे याला केसपेपर म्हणतात), चिठ्ठी दाखवा आणि ओपीडीतल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणत्या दिवशी बसतात. न विचारता औषधाच्या खिडकीपर्यंत गेलात तर तिथूनच घरी याल. गर्दीमुळे सेशन लहान आणि लांब अंतराने होऊ शकतात, तेव्हा घरच्या अभ्यासावर जास्त भिस्त ठेवावी लागेल. राहिला नावाचा प्रश्न. ‘याला बाणगंगेला पाठवा’ हा टोमणा मी लहानपणी आमच्या वाड्यात ऐकलाय. आता तिथल्या बाकावर बसलेली माणसं पाहा: बँकेतले, शाळेतले, तुमच्या-माझ्यासारखे.

टप्पा ७: पहिल्या सेशननंतर

पहिलं सेशन बहुतेक विचारपूस आणि मोजमापात जातं. ‘काहीच सांगितलं नाही’ म्हणून सोडू नका. चिंता-उदासीसाठी साधारण १२ ते २० सेशन, आठवड्याला एक, ४५ ते ६० मिनिटांचं, असा हिशेब धरा. त्यानुसार पैशांची आणि सुटीची आधीच सोय करा. सहाव्या सेशनला पैसे संपले म्हणून थांबलेले लोक मी जास्त पाहिलेत.

चौथ्या ते सहाव्या सेशनच्या सुमारास तेच पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ पुन्हा भरा. गुण हलले नसतील तर थेरपिस्टला विचारा की काय बदलायचं. सोडलेल्या कामांपैकी एकही पुन्हा सुरू झालं नसेल, तर अभ्यास होत नाहीये किंवा पायरी फार उंच घेतलीये.

थेरपिस्टकडून डॉक्टरांना एक ओळीचं उत्तर जाऊ द्या. ते तुमच्या संमतीने जातं, आणि काय लिहायचं नाही हेही तुम्ही सांगू शकता. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो आणि स्वतःच्या उपचारांचे कागद मागण्याचाही. जीव धोक्यात असेल तेव्हा गोपनीयतेला अपवाद असतात, ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या. हाच कायदा विमा कंपन्यांना मनाच्या आजारासाठी शारीरिक आजारासारखीच सोय ठेवायला सांगतो, पण बहुतेक साध्या पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात. दर आठवड्याची थेरपी ओपीडीत मोडते, म्हणून पॉलिसीत ओपीडीचं कलम आहे का ते वाचा आणि पावत्यांवर थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक घालून घ्या.

मधेच डॉक्टरांनी औषध बदललं तर पुढच्या सेशनला सगळ्यात आधी तेच सांगा. आणि दुसऱ्या थेरपिस्टकडे जावं लागलं तर जुनी चिठ्ठी, पहिलं पान, दोन्ही वेळचे गुण आणि झालेल्या अभ्यासाची वही, एवढं घेऊन जा.